ल्युसर्न ते माँत्रो रेल्वेने: या चुका टाळा

स्वित्झर्लंडचं ठरलं की घरात पहिला प्रश्न हमखास येतो, "ती काचेच्या छताची गाडी बुक केली का?" बऱ्याचशा चुकांची सुरुवात याच प्रश्नातून होते. ल्युसर्न, इंटरलाकेन आणि माँत्रो ही तळ्याकाठची गावं आणि त्यांच्यामधले डोंगर जोडणाऱ्या मार्गाला गोल्डनपास म्हणतात. युरोपात पहिल्यांदाच जाणाऱ्या कुटुंबासाठी मला हा मार्ग ग्लेशियर एक्सप्रेसपेक्षा बरा वाटतो. ती गाडी झेरमाटहून सेंट मॉरिट्झला पोचायला जवळजवळ आठ तास घेते. लहान मुलं आणि गुडघे धरलेले आई-बाबा बरोबर असतील तर शेवटचे तीन तास खिडकीबाहेर कुणी बघत नाही. गोल्डनपासचे मात्र सोयीचे तुकडे पाडता येतात.

गाडीचं नाव बघून तिकीट काढणं

माँत्रो ते इंटरलाकेन थेट धावणारी गोल्डनपास एक्सप्रेस डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाली. त्याआधी त्स्वायझिमेनला उतरून गाडी बदलावीच लागे, कारण माँत्रोकडचे रूळ मीटरगेज आणि इंटरलाकेनकडचे रुंद. आता त्स्वायझिमेनला डबे एका खास पट्ट्यावरून हळूहळू नेतात आणि तेवढ्यात चाकांमधलं अंतर बदलतं. अभियांत्रिकी म्हणून कमाल आहे. पण ते बघायचं म्हणून जादा पैसे मोजलेत तर हिरमोड होईल. आत बसलेल्याला गाडी जरा रेंगाळली इतकंच कळतं.

ही गाडी दिवसातून मोजक्याच वेळा असते आणि मे-जूनमध्ये तिच्या चांगल्या जागा लवकर संपतात. मग लोक अख्खा बेत त्या एका वेळेभोवती बांधतात, नाहीतर "मिळालीच नाही" म्हणून हा मार्गच सोडून देतात. दोन्हीची गरज नाही. त्याच रुळांवरून साध्या गाड्याही जातात. त्यांना आरक्षण लागत नाही, स्विस ट्रॅव्हल पास (रेल्वे, बस, बोटींसाठीचा प्रवासी पास) चालतो. त्स्वायझिमेनला आणि बऱ्याचदा श्पीत्सलाही गाडी बदलावी लागते, एवढाच फरक. शिवाय ग्श्टाड किंवा शातो-दे आवडलं तर उतरून पुढच्या गाडीने जाता येतं. आरक्षणाची सीट हातात असली की ती सोडून उतरायला मन धजत नाही.

फोटो काढणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पॅनोरमा डब्यांच्या काचा उघडत नाहीत, त्यामुळे प्रत्येक फोटोत तुमचाच शर्ट दिसतो. गडद रंगाचं जॅकेट घाला, मोबाइल काचेला पूर्ण टेकवा आणि आतल्या दिव्याच्या बाजूने हाताचा आडोसा धरा. एवढ्याने बरंच काम होतं.

चुकीच्या बाजूला बसणं

ल्युसर्न–इंटरलाकेन एक्सप्रेस दर तासाला सुटते आणि दोन तासांच्या आत पोचवते. या टप्प्यात कुठल्या बाजूला बसलात यावर जवळजवळ सगळं अवलंबून आहे. उत्तर सोपं आहे: ल्युसर्नहून निघताना गाडीच्या दिशेने तोंड करून उजवी बाजू धरा.

सुरुवातीला अल्पनाखचं तळं डावीकडे येतं, पण थोडाच वेळ. उजवीकडे तेव्हा पिलाटसचा पायथा असतो. 48 टक्के चढाची, जगातली सर्वांत जास्त चढाची दातेरी रेल्वे इथूनच वर जाते. सार्नेन गेलं की उजवीकडे सार्नेनचं तळं लागतं आणि रूळ बराच वेळ त्याच्या काठाने जातात. गिसविलनंतर रुळांच्या मधे दातेरी पट्टी येते, गाडीचा वेग पडतो, आवाज बदलतो आणि चढ सुरू होतो. वर पोचलात की उजव्या खिडकीखाली लुंगर्नचं तळं दिसतं. हिरवट-निळं पाणी, पलीकडे तुटके कडे, अलीकडे चर्चचा मनोरा. डाव्या बाजूची मंडळी नेमकी याच वेळी मोबाइल घेऊन उजवीकडे धावतात आणि मधल्या वाटेत सगळ्यांची एकच गर्दी होते. तोवर गाडी झाडीत शिरलेली असते.

लुंगर्नबद्दल एक सूचना. हे पाणी वीजनिर्मितीसाठी वापरलं जातं, त्यामुळे हिवाळ्याच्या शेवटी आणि वसंताच्या सुरुवातीला पातळी उतरलेली असते आणि काठावर चिखल दिसतो. इंटरनेटवरचे फोटो काठोकाठ भरलेल्या दिवसांतले असतात.

खरी गंमत मायरिंगेनला आहे. ब्र्युनिगची खिंड (साधारण 1000 मीटर) ओलांडून गाडी खाली येते, मायरिंगेनला थांबते आणि निघते ती उलट्या तोंडाने. "अगं, ही परत चालली!" असं म्हणत बॅगा काढायला उठणारी माणसं इथे हमखास दिसतात. उठू नका, गाडी बरोबर चालली आहे. जागाही बदलू नका. दिशा उलटल्यामुळे तुमची उजवी खिडकी आता डावी झाली आहे आणि पुढचं ब्रिएन्झचं तळं डावीकडेच येतं. इंटरलाकेनहून ल्युसर्नला येतानाही हाच नियम लागू होतो: निघताना उजवी बाजू. इंटरलाकेनहून माँत्रोकडे जायला निघालात तरी श्पीत्सपर्यंत थूनचं तळं उजवीकडेच असतं. माँत्रोच्या वर मात्र रूळ इतकी वळणं घेतात की जिनेव्हाचं तळं कधी या खिडकीत तर कधी त्या खिडकीत येतं. तिथे बाजूवरून भांडायची गरज नाही.

माझं ऐकाल तर ल्युसर्नहून थेट इंटरलाकेनला जाऊच नका. ब्रिएन्झला उतरा. बोटीचा धक्का स्टेशनच्या समोरच आहे आणि बोट पोचते ती थेट इंटरलाकेन ओस्ट स्टेशनाच्या शेजारी. वेळ तासापेक्षा थोडा जास्त लागतो आणि स्विस ट्रॅव्हल पास असेल तर वेगळं तिकीट नाही. वाटेत गीसबाखचा धबधबा बोटीतूनही दिसतो. धक्क्यावरून वर जायला 1879 पासूनची फ्युनिक्युलर (दोरीने ओढली जाणारी डोंगररेल्वे) आहे. हिवाळ्यात बोटी फार कमी असतात, म्हणून वेळापत्रक आधी पाहा.

इंटरलाकेनला हुकणं

इंटरलाकेनला दोन स्टेशनं आहेत, वेस्ट (पश्चिम) आणि ओस्ट (पूर्व). ल्युसर्नची गाडी आणि युंगफ्राउच्या बर्फाळ शिखराकडे जाणाऱ्या गाड्या ओस्टहून सुटतात. थूनच्या तळ्याच्या बोटी वेस्टकडून. हॉटेल बुक करताना "स्टेशनपासून पाच मिनिटं" एवढंच वाचून खूश होऊ नका, कोणतं स्टेशन ते बघा.

त्याहून मोठा घोळ ओस्टला ग्रिंडेलवाल्डची गाडी पकडताना होतो. लाउटरब्रुनेन आणि ग्रिंडेलवाल्डचे डबे एकाच गाडीला जोडलेले असतात आणि त्स्वायल्युशिनेनला गाडीचे दोन तुकडे होतात. कल्याणला कसारा आणि कर्जत असे फाटे फुटतात, पण तिथे अख्खी गाडी एकीकडे जाते. इथे गाडीच फुटते. मुंबईची सवय म्हणून जो डबा समोर आला त्यात चढलात तर निम्मं कुटुंब एका दरीत आणि निम्मं दुसऱ्या दरीत. फलाटावरच्या पाटीवर कोणत्या सेक्टरमध्ये कुठले डबे ते लिहिलेलं असतं आणि डब्यावरही गावाचं नाव असतं. दोन्ही जुळतात का बघूनच चढा.

चुकलातच तर घाबरू नका. चुकीच्या गावाला उतरा, त्स्वायल्युशिनेनला परत या आणि योग्य गाडी घ्या. साधारण अर्ध्या तासाला एक गाडी असते. लाउटरब्रुनेनहून वेंगेनमार्गे डोंगर ओलांडून ग्रिंडेलवाल्डला जाण्याचा मोह होईल, मार्ग सुंदरच आहे. पण वेंगेनच्या वर पास पूर्ण चालत नाही, सवलतीचं वेगळं तिकीट लागतं.

"पास आहे ना, सगळं फुकट"

याच समजुतीने खिशाला सर्वांत मोठी कात्री लागते. स्विस ट्रॅव्हल पासवर रेल्वे, बस आणि तळ्यातल्या बोटी येतात. रिगीचा डोंगरही येतो. युंगफ्राउयोख या वरच्या टोकाच्या स्टेशनला (3454 मीटर) मात्र पास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंतच चालतो आणि त्यापुढच्या भाड्यात फक्त 25 टक्के सवलत मिळते. हाफ फेअर कार्डवर (निम्म्या भाड्याच्या सवलतीचं कार्ड) तिथेच 50 टक्के मिळते. म्हणून एकाच गावात मुक्काम ठेवून युंगफ्राउ आणि आसपास फिरणार असाल तर दोन्हींचा हिशेब कागदावर मांडा. बऱ्याचदा कार्ड स्वस्त पडतं. रोज गाव बदलणार असाल तर पास बरा.

ग्लेशियर आणि बर्निना एक्सप्रेसचं भाडं पासमध्ये येतं, पण आरक्षण सक्तीचं आहे आणि त्याचे पैसे वेगळे. 6 ते 15 वर्षांच्या मुलांसाठी फॅमिली कार्ड मागून घ्या. पासधारक पालकांबरोबर मुलं फुकट जातात. कार्ड मागायचं राहिलं तर त्यांचं तिकीट काढावं लागतं. तपासनीस पासबरोबर पासपोर्टही मागू शकतो, म्हणून तो हॉटेलच्या तिजोरीत ठेवून निघू नका.

युंगफ्राउचं तिकीट मुंबईतूनच तारीख ठरवून काढण्याचा आग्रह टाळा. आदल्या संध्याकाळी हवामान आणि सकाळी वरचा वेबकॅम बघून ठरवलं तर ढगात उभं राहण्याची वेळ येत नाही.

अठ्ठावीस इंची बॅगा

इथे हमाल नाहीत. गाडी बदलायला बऱ्याचदा पाच-सात मिनिटंच असतात आणि छोट्या डब्यांत मोठ्या बॅगा ठेवायला जागा थोडी. शक्य तर एक मुक्काम ल्युसर्नला आणि एक इंटरलाकेनजवळ ठेवा. मधल्या दिवसांत पाठीवरच्या पिशवीवर भागवा, मोठ्या बॅगा स्टेशनवरच्या लॉकरमध्ये ठेवा. एका स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनवर सामान पाठवायची रेल्वेची सोयही आहे. पण सामान सहसा तिसऱ्या दिवशी हातात येतं, म्हणून औषधं आणि एक जोड कपडे जवळ ठेवा.

त्या बॅगांतल्या खाऊबद्दलही. भारतातून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूप, खवा, पेढे घरीच ठेवायचे. ताजी फळं-भाज्यांवरही बंधनं आहेत, कढीपत्ता आणि लिंबं नकोत. चिवडा, मेतकूट, कोरड्या चटण्या चालतात. रविवारी गावातली बहुतेक दुकानं बंद असतात, पण मोठ्या स्टेशनांतली उघडी असतात. दही-पाव-फळं तिथून घ्या.

आणि ब्रिएन्झच्या तळ्याकाठचं इझेल्टवाल्ड. एका कोरियन मालिकेमुळे तिथला लाकडी धक्का इतका गाजला की आता फोटोसाठी फिरतं दार ओलांडून पाच फ्रँक द्यावे लागतात. तिथे रेल्वे जात नाही. ओस्टहून 103 क्रमांकाची बस आहे, हंगामात बोटही. रांग मोठी असेल तर धक्क्याचा नाद सोडा आणि काठाकाठाने चालत सुटा. पाणी तिथूनही तेवढंच दिसतं.