बाइकची टाकी रंगवताय? आधी क्लिअरचं बघा

रंग लावून अकरा दिवस झाले होते. पंपावर टाकी फुल केली, नोझल काढताना पेट्रोलचा एक ओघळ झाकणापाशी सांडला. नेहमीच्या सवयीने पुसला, तर फडकं काळं! खालचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला होता. वडिलांची 2004 ची स्प्लेंडर, तीन रविवार गॅलरीत बसून घासलेली टाकी. पंपावरच डोळे भरून आले.

लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) कशी भरायची, पॉलिश पेपर कसा मारायचा हे तुम्ही एव्हाना व्हिडिओंत पाहिलंच असेल. लांबीला 320, प्रायमरला 600 नंबरचा वॉटर पेपर, बेस कोटचे म्हणजे मूळ रंगाचे पातळ हात. यात चूक झाली तरी ती डोळ्यांना दिसते, परत घासता येते. क्लिअरची चूक दिसत नाही, म्हणून तेवढंच सविस्तर सांगतो.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या स्प्रे कॅनमधला क्लिअर ‘वन के’ असतो. त्यातलं थिनर उडून गेलं की तो वाळतो, बस. थिनरसारखं काही पुन्हा लागलं की तो परत मऊ पडतो. पेट्रोल तेच करतं, आणि हल्ली त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉलही असतं. ‘टू के’ क्लिअरमध्ये हार्डनर मिसळतात. दोघांची रासायनिक क्रिया होऊन थर पक्का होतो, मग तो विरघळत नाही. पहिल्या दिवशी दोन्ही सारखेच चमकतात, तिथेच माणूस फसतो. मी दुकानदाराला विचारलं होतं, ‘पेट्रोलला टिकेल ना?’ ‘टिकेल की’, म्हणाला. मी आणखी दोन हात मारून घेतले. वन केचे दहा हात मारा, पेट्रोलपुढे टिकणार नाहीत. साइड पॅनेलला, मडगार्डला चालेल. टाकीला नाही म्हणजे नाही.

सुरकुतलेल्या जागेपुरतं घासून वरून क्लिअर मारायचा शॉर्टकट मीही करून पाहिला. कडेने रंग पुन्हा उचलला. शेवटी अख्खी टाकी प्रायमरपर्यंत उतरवली.

व्हिडिओवाल्यांवर माझा राग आहे. टाकी चमकली की त्यांचा कॅमेरा बंद, पेट्रोल भरताना कुणीच दाखवत नाही. मला खरं शिकवलं ते चौकातल्या गॅरेजच्या पेंटरकाकांनी. एक दुपार त्यांच्याजवळ उभं राहा, चहा पाजा, हात कसा फिरतो ते बघा. पावसाळ्यात क्लिअर मारू नकोस, दमट हवेत पांढुरका पडतो, हेही त्यांनीच सांगितलं.

आता एक कडक सूचना. टू केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने कायमचा दमा लागू शकतो. कापडी मास्क, रुमाल इथे कामाचे नाहीत. रसायनाच्या वाफा अडवणारा कार्ट्रिजचा मास्क, हातमोजे, चष्मा आणि मोकळी जागा, एवढं नसेल तर टाकीचा क्लिअर पेंटरकडून मारून घ्या. त्यात कमीपणा काही नाही, बाकीचं काम तुमचंच आहे. आणि रिकामी टाकीसुद्धा पेट्रोलच्या वाफेने भरलेली असते. तिच्याजवळ ग्राइंडर, हीट गन, विडी काही नको.

बाकी घाबरू नका. ओघळ आला, धूळ बसली तर पूर्ण वाळू द्या, 1500 आणि मग 2000 चा वॉटर पेपर पाण्यातून हलक्या हाताने फिरवा, चकाकी आणणारं कंपाउंड मारा. माझ्या टाकीवर असे चार ओघळ होते, आज शोधून सापडत नाहीत.

दुसऱ्या वेळी टू के क्लिअरनंतर आठवडाभर टाकी बसवलीच नाही. मग तिच्या पोटाला, सीटखाली झाकल्या जाणाऱ्या भागावर, पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा पाच मिनिटं धरून ठेवला. तुम्हीही हे करा, पंपावर जाण्याआधी. बोळा उचलून उजेडात धरला, पांढराच होता. त्या संध्याकाळी टाकी बसवली आणि वडिलांना मागे बसवून पंपावर गेलो.