वापरलेला जर्मन बासून कसा निवडावा

बासून हे फुंकून वाजवायचं लाकडी वाद्य बघायला गेलं की नजर आधी चकचकीत चाव्यांवर (भोकं उघडझाप करणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) जाते, मग कंपनीच्या शिक्क्यावर. माझं आग्रहाचं सांगणं आहे की सुरुवात हवेपासून करा. बासून म्हणजे सुमारे अडीच मीटर लांबीची, स्वतःवर दुमडलेली नळी. तीत कुठेही हवा गळत असेल, तर शिकणारा बिचारा महिनोन्‌महिने स्वतःच्या ओठांना दोष देत बसतो.

आधी पद्धत पक्की करा. जर्मन बासून म्हणजे हेकेल पद्धतीचा बासून. कार्ल आल्मेनरेडर आणि योहान आडाम हेकेल यांनी एकोणिसाव्या शतकात ती रचना घडवली आणि आज बहुतेक ठिकाणी तीच शिकवतात. फ्रेंच पद्धतीत बोटं ठेवण्याची रीत निराळी असते. तसा बासून स्वस्तात मिळाला तरी नवशिक्याने घेऊ नये, कारण शिकवणारा मिळणं कठीण जातं. अमेरिकेतल्या फॉक्स कंपनीचे बासूनही जर्मन पद्धतीचेच असतात. वापरलेल्या वाद्यांत श्रायबर, पुख्नर, म्योनिश, आडलर ही नावं वारंवार दिसतील. पण एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन वाद्यांपैकी एक नीट जपलेलं असतं आणि दुसरं पेटीत पडून कुजलेलं, म्हणून नावावर भरवसा टाकू नका.

रीड (फुंकताना ओठांत धरायची वेताची दुहेरी पाती) न लावता तपासा. विंग जॉइंट, म्हणजे बोकल (रीड ज्यावर बसवतात ती धातूची वाकडी नळी) जिथे बसतो तो लहान भाग, हातात घ्या. त्याची तिन्ही भोकं बोटांनी झाका, खालचं तोंड अंगठ्याने बंद करा आणि वरून हवा ओढा. भाग ओठांना चिकटून राहिला आणि काही सेकंदांनी सोडवताना 'टप्‌' असा आवाज आला, तर उत्तम. ओढता ओढताच हवा आत येत असेल, तर पॅड (चाव्यांखालच्या, भोकं झाकणाऱ्या मऊ गाद्या) बदलायला झालेत किंवा लाकडाला चीर आहे. बूट जॉइंटची, म्हणजे नळी जिथे दुमडते त्या तळच्या भागाची, परीक्षाही अशीच घ्यायची, मात्र उघड्या राहणाऱ्या चाव्या दाबून धरायला सोबत कोणीतरी लागतं.

मग लाकूड. इथे घाई करू नका. बासून मेपलचा असतो आणि मेपलला ओल सोसत नाही. म्हणून विंग जॉइंट आणि बूटमधल्या दोन उभ्या भोकांपैकी अरुंद भोक यांना आतून कठीण रबराचं किंवा प्लास्टिकचं अस्तर असतं. रुंद भोकाला ते नसतं. वाजवून झाल्यावर पाणी चुकीच्या बाजूने ओतलं, किंवा बूट ओलाच आडवा ठेवला, की ओल त्या उघड्या लाकडात मुरते. विकणाऱ्याची परवानगी घेऊन बूटच्या तळाचं टोपण काढा. आत इंग्रजी 'यू'च्या आकाराची धातूची नळी दिसेल. तीही काढता आली तर भोकाच्या कडेवर विजेरी मारा. लाकूड काळपट पडलंय का, भुसभुशीत झालंय का, नख सहज रुततंय का, कुबट वास येतोय का, ते बघा. यातलं काही आढळलं तर वाद्य किमतीला कितीही परवडत असो, परत ठेवा. पॅड आणि कॉर्क बदलता येतात, पण कुजलेल्या लाकडाची दुरुस्ती मोठी आणि महागडी असते. काही जुन्या बासूनांच्या विंगला अस्तरच नसतं. ते विद्यार्थ्यासाठी मला योग्य वाटत नाहीत.

आता वाजवून बघा. स्वतःचं ओळखीचं रीड न्या. खुद्द शिकणारा अगदीच नवा असेल, तर जाणत्या वादकाला सोबत न्या. सगळ्यात खालच्या सुरांपर्यंत हळू आवाजात उतरा. ते सहज बोलले, घरघरले नाहीत, तर हवा टिकतेय. ट्यूनर लावून मधल्या सप्तकातले सुर तपासा. सगळेच सुर सारखे चढे येत असतील तर लांब बोकल लावून बघा. बहुतेक कंपन्यांच्या बोकलवर क्रमांक असतो आणि मोठा क्रमांक म्हणजे लांब बोकल, म्हणजे उतरलेला सूर. तरीही वाद्य चढंच राहिलं तर सोडून द्या. काही जुनी वाद्यं आजच्या स्वरमानासाठी बनलेलीच नव्हती. बोकल दबलेला किंवा चिरलेला नाही ना, त्यावरचं बारीक छिद्र मोकळं आहे ना, तेही पाहा. चांगला बोकल वेगळा घ्यायचा तर तो स्वस्त पडत नाही.

व्हिस्पर की, म्हणजे बोकलवरचं बारीक छिद्र झाकणारी चावी, आणि वरच्या 'डी' सुराची चावी असायलाच हवी. लहान हातांच्या मुलांसाठी डाव्या अनामिकेच्या भोकावर चावी बसवलेलं मॉडेल शोधा. बोटं ताणून भोक अर्धवट झाकलं गेलं तर कितीही सराव केला तरी सूर नीट लागत नाही.

जुन्या बासूनच्या बेलवर, म्हणजे वरच्या टोकाच्या भागावर, पांढरं कडं असतं. ते खऱ्या हस्तिदंताचं असेल तर वाद्य सीमेपलीकडे नेताना कागदपत्रं लागतात, कारण हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आहेत. परदेशातून मागवणार असाल तर कडं कशाचं आहे ते विक्रेत्याकडून लेखी घ्या.

पसंत पडलं तरी लगेच पैसे देऊ नका. काही दिवस वापरून बघायची मुभा मागा आणि तेवढ्यात बासून दुरुस्त करणाऱ्याकडून खर्चाचा अंदाज काढा. सगळे पॅड बदलायचे असतील तर तो खर्च किमतीत धरूनच बोलणी करा. आणि त्या दिवसांतही, वाजवून झालं की बूटमधलं पाणी अस्तराच्या, म्हणजे अरुंद भोकाच्या, बाजूनेच ओतून काढा.