मध्यरात्री एकट्याने बोलताना : संज्ञाप्रवाही पॉडकास्ट कसा करावा

घरातली माणसे झोपल्यावर एकट्याने दीड-दोन तास माइकसमोर बोलत राहायचे आणि ते बोलणे जवळपास जसेच्या तसे प्रसिद्ध करायचे, हा संज्ञाप्रवाही, म्हणजे मनातले विचार येतील तसे मांडत जाणारा, पॉडकास्टचा प्रकार वरवर पाहता सर्वांत सोपा वाटतो. कारण त्याला संहिता लागत नाही, पाहुणा लागत नाही आणि विषयही मनाला येईल तो चालतो. प्रत्यक्षात विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला बोलणारा अडखळतो, घड्याळाकडे पाहतो आणि आधी सांगून झालेलेच निराळ्या शब्दांत सांगू लागतो. यावर संहिता लिहून काढणे हा उपाय नव्हे, कारण वाचून दाखवलेले बोलणे रात्रीच्या शांततेत लगेच ओळखू येते. परत कोठे यायचे, एवढे मात्र ठरवूनच बसावे.

कीर्तन ऐकलेल्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगासाठी, म्हणजे कीर्तनाच्या पहिल्या भागासाठी, एक अभंग घेतात आणि त्याचे निरूपण करता करता पुराणात शिरतात, बाजारात फिरून येतात, एखाद्या दृष्टांतावर रेंगाळतात. पण प्रत्येक फेरीनंतर मूळ पदावर येतात, आणि त्या परतीच्या भरवशावरच श्रोता त्यांच्याबरोबर लांबवर जायला तयार होतो. मराठीत संज्ञाप्रवाह म्हटले की मर्ढेकरांची १९४२ सालची ‘रात्रीचा दिवस’ ही कादंबरी आठवते. मात्र वाचकाला धागा सुटला तर दोन पाने मागे जाता येते. अंधारात अंथरुणावर पडलेला श्रोता मागे जात नाही. तो ऐकणे थांबवतो किंवा झोपी जातो. म्हणून आपले गुरू कादंबरीकारांपेक्षा कीर्तनकार असावेत, असे माझे मत आहे.

परतीची ही खुंटी शक्यतो एखादी वस्तू असावी. ‘एकटेपणा’ किंवा ‘बालपण’ हे विषय भारदस्त वाटतात, पण भरकटल्यावर त्यांच्याकडे परतता येत नाही, कारण त्यांना हात लावता येत नाही. याउलट माळ्यावर पडलेला रॉकेलचा स्टोव्ह घ्या. त्याच्या पिनेवरून शेजाऱ्यांकडच्या उसनवारीवर, रॉकेलच्या वासावरून रेशनच्या रांगेवर, त्या रांगेवरून तिथे उभ्या राहणाऱ्या आत्यावर बोलणे आपोआप जाते, आणि सुचेनासे झाले की पुन्हा स्टोव्हकडे येऊन त्याची पितळी टाकी कशी दिसते, पंप मारताना हाताला काय जाणवते, हे सावकाश सांगता येते. तेवढ्या वेळात पुढची वाट सापडते. एका कार्डावर ती वस्तू आणि तिच्यापासून फुटणाऱ्या चार-पाच वाटा एकेका शब्दात लिहून ठेवाव्यात. पूर्ण वाक्ये लिहू नयेत. आडवाटेला वळण्यापूर्वी “पिन तुटली आहे आणि चहा अर्धा उकळला आहे, तिथे आपण थांबलो आहोत” असे मोठ्याने म्हणावे आणि त्यातला ‘पिन’ हा शब्द कार्डावर पेन्सिलीने टिपावा. श्रोत्यासाठी ती परतीची खूण असते, आणि रात्री एक वाजता आपल्यालाही तिची तेवढीच गरज पडते.

सुचले नाही तर गप्प बसावे. “तर मी काय म्हणत होतो” हे वाक्य पाच सेकंदांच्या शांततेपेक्षा कितीतरी अधिक खटकते.

उपकरणांचा फार बाऊ करू नये. सामान्य खोलीत कंडेन्सर माइकपेक्षा डायनॅमिक माइक बरा, कारण तो जवळून वापरायचा असल्याने खोलीतला आवाज कमी घेतो. तो तोंडापासून चार बोटांवर आणि किंचित बाजूला ठेवावा, म्हणजे ‘फ’ आणि ‘भ’ उच्चारताना श्वासाचा धक्का त्यावर बसत नाही. छताचा पंखा बंद करावा, फ्रिजच्या भिंतीपासून दूर बसावे आणि मागे गोधडी टांगावी किंवा कपड्यांचे कपाट उघडे ठेवावे. आवाजाची सर्वोच्च पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील, अशी सोय करावी. रात्री आवाज हळूहळू खाली जातो, म्हणून दर अर्ध्या तासाने या पातळीकडे नजर टाकावी. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो (एकाच ध्वनिवाहिनीच्या) अशा वेव्ह, म्हणजे न दाबलेल्या ध्वनीच्या, फाइलला तासाला सुमारे ५२० एमबी जागा लागते. ती आधीच मोकळी करून ठेवावी. सुरुवातीला अर्धा मिनिट काहीही न बोलता खोलीची शांतता मुद्रित केली, तर पुढे पार्श्वभूमीची घरघर काढताना ती नमुना म्हणून उपयोगी पडते. बोलताना चूक झाली, कुत्री भुंकली किंवा पाल चुकचुकली, तर एक टाळी वाजवून वाक्य पुन्हा म्हणावे. ऑडॅसिटीसारख्या संपादन-प्रणालीत त्या टाळीची उभी रेघ दुरूनच दिसते आणि दोन तास पुन्हा ऐकण्याचे कष्ट वाचतात.

त्याच रात्री काहीही प्रसिद्ध करू नये. रात्री मोकळेपणा वाटतो, तो पुष्कळदा दुसऱ्याच्या खर्चाने आलेला असतो. आत्याच्या कर्जाची गोष्ट सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे का, हे दुपारी जेवण झाल्यावर अधिक नीट ठरवता येते. नावे, गल्ल्या आणि आजार प्रथम काढावेत. शांतता आपोआप कापणारी सोय मात्र वापरू नये, कारण या प्रकारात विचार कोठे वळला हे श्रोत्याला विरामातूनच कळते. दहा सेकंदांहून लांब विराम तेवढे हाताने आखडावेत.

शेवटी तयार फाइल मोनोमध्ये, ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ किलोबिट) एमपी३ स्वरूपात काढली तर तासाला २९ एमबीपेक्षा थोडी कमी जागा घेते, आणि निव्वळ बोलण्यासाठी एवढा दर्जा चालतो. वर्णनात प्रत्येक आडवाटेची वेळ लिहावी, कारण ज्याला मध्येच झोप लागली तो दुसऱ्या रात्री तेथूनच पुढे ऐकतो. त्याच कारणाने अखेरीस संगीत वाजवू नये; शेवटच्या वाक्यानंतर खोलीची तीच शांतता दहा सेकंद राहू द्यावी आणि फाइल तिथेच संपवावी.