बहात्तर ऋतूंचा हिशेब : जुन्या बँडचा नवा अल्बम कसा ऐकावा

गोव्यातल्या फोंड्यात माझा साऊंडचा धंदा आहे. नाटक, भजन, घुमट आरती (घुमट म्हणजे मातीच्या घटाला चामडं लावलेलं आमचं वाद्य), लग्न, जे येईल ते. चैत्र-वैशाखात जत्रा आणि उत्सव इतके असतात की रात्रीची झोप देवळांच्या स्वाधीन करावी लागते. 13 एप्रिल 2023 च्या रात्री अशाच एका मांडवात तीन अंकी नाटक होतं. ते पहाटे पावणेतीनला संपलं. केबली गुंडाळल्या, पिकअपमध्ये बसलो, मोबाइल उघडला तर आमच्या मित्रांच्या गटावर 43 मेसेज. मेटालिका या आमच्या लाडक्या अमेरिकन हेवी मेटल बँडचा नवा अल्बम '72 सीझन्स' बाराच्या ठोक्याला आला होता आणि पावणेतीनपर्यंत तो 'बोगस', 'बाप' आणि 'आता रिटायर व्हा' असं तिन्ही होऊन बसला होता. अल्बम 77 मिनिटांचा. म्हणजे सगळ्यात उतावळ्या माणसानेही तोवर तो फार तर दोनदा ऐकला असणार.

मीही शहाणपणा केला नाहीच. गाडीतला डावा स्पीकर गेल्या गणपतीपासून बंद, खिडक्या उघड्या, मागे बेस बिन (खालच्या सुरांचे मोठे स्पीकर) खडखडतायत. अशात साडेतीन गाणी ऐकली आणि घरासमोर गाडी लावून टाईप केलं : 'ठीक आहे. पण जुनी मजा नाही.' पंचवीस वर्षं लोकांना आवाज कसा ऐकावा ते शिकवणारा माणूस मी. एका स्पीकरवर निकाल दिला. त्या लाजेतून खालची पद्धत तयार झाली. मेटालिकाच नको, तुमचा जो कोणी पन्नाशी-साठी उलटलेला बँड असेल त्याला ती लावा.

पहिले तीन दिवस

गट म्यूट करा. ही पहिली पायरी आणि सगळ्यात अवघडही हीच. दुसऱ्याचं वाक्य एकदा कानात बसलं की गाण्याआधी ते वाजतं. 'गिटारवाल्या कर्कने पुन्हा तोच वा-वा पेडल दाबलाय' हे वाचून तुम्ही सोलो ऐकायला बसलात, की तुम्हाला पेडलशिवाय दुसरं काही ऐकूच येणार नाही.

77 मिनिटं एका बैठकीत ऐकायचा हट्ट धरू नका. बारा गाणी आहेत, तीन-तीनचे चार भाग करा. एलपीची एक बाजू साधारण वीस-बावीस मिनिटांची असायची, माणसाचं लक्ष टिकतंही तेवढंच. क्रम मात्र बदलायचा नाही, आणि शफल तर नाहीच नाही. पहिल्या दिवशी नुसतं ऐका. दुसऱ्या दिवशी हेडफोन काढून खोलीतल्या स्पीकरवर ऐका. तिसऱ्या दिवशी कागद घ्या. माझी वही म्हणजे बिलांचीच वही, एका पानावर अमुक देवस्थान, दोन टॉप, दोन बेस, चार हँगिंग माइक, आणि त्याच्याखाली 'गाणं 4, 2:10 ला बास गिटार छान'. मिनिट-सेकंद लिहा. 'भारी' किंवा 'फालतू' लिहायचं नाही. जे बोट ठेवून दाखवता येत नाही ते कागदावर चढवायचं नाही, एवढा एकच नियम.

तिसऱ्या दिवशी माझं पान असं होतं : बँडचा गायक जेम्स हेटफिल्डचा आवाज 59 व्या वर्षी मला वाटला होता त्याहून कितीतरी मोकळा. मधली चार गाणी एकाच चालीत चालतात, बैलगाडीही नाही आणि घोडाही नाही. एकही संथ गाणं नाही. शेवटचं 11 मिनिटांचं गाणं, बँडचं आजवरचं सगळ्यात लांब, सुरुवातीला नको वाटलं होतं. पण मध्यावर ते थांबतं, नुसती बास उरते, तिथे मी पंखा बंद केला.

आवाज सारखा करा

हे माझ्या धंद्यातलं म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जुना आणि नवा अल्बम पाठोपाठ लावून तुलना करायची असेल तर आधी दोन्हींचा आवाज एका पातळीवर आणा. माणसाच्या कानाला मोठा आवाज चांगला वाटतो, ही फसगत मी रोज पाहतो. कोणी गायक येऊन 'माझा माइक बरा करा' म्हणाला की मी फेडर (आवाज वाढवायची पट्टी) केसभर वर सरकवतो. तो खूश. 1986 चं 'मास्टर ऑफ पपेट्स' जुन्या सीडीवरून लावलं आणि मग नवा अल्बम लावला, तर नवा अंगावर येतो. काहींना ती ताकद वाटते, काहींना कटकट. दोघेही आवाजाच्या पातळीबद्दलच बोलत असतात, गाण्याबद्दल नाही. मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये सगळी गाणी एका पातळीवर आणायची सोय असते, ती चालू करा. सीडी असेल तर हाताने करा : एक माणूस नॉबवर, दुसरा डोळे मिटून.

चाहत्यांची प्रत्येक तक्रार मनाचे खेळ असतात असं मात्र समजू नका. 2008 च्या 'डेथ मॅग्नेटिक'चा आवाज इतका दाबून मोठा केला होता की जोरकस जागी तो फाटायचा. तीच गाणी गिटार हीरो या व्हिडिओ गेममध्ये होती, तिथे मात्र ती मोकळी वाजत. पोरांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून दाखवलं आणि हजारोंनी पुन्हा मिक्स करा म्हणून सह्या केल्या. ती तक्रार खरी होती, कारण तिच्यावर बोट ठेवता येत होतं. 1988 च्या अल्बममध्ये बास जवळजवळ ऐकूच येत नाही, हेही तसंच.

आणि 2003 चा 'सेंट अँगर'. बँडचा ड्रमर लार्सने स्नेअर ड्रमच्या खालची तार सोडून ठेवली, त्यामुळे थाप पडली की बिस्किटाचा पत्र्याचा डबा वाजावा तसा आवाज येतो. आमच्या गटात वीस वर्षं त्या डब्यावर विनोद चालले आहेत. मला त्यावरून घुमट आठवतं. पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं असायचं. घोरपड कायद्याने संरक्षित, त्यामुळे आता बकऱ्याचं चामडं लावतात. 2019 मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं, तरी आमच्या वाड्यावरचे म्हातारे दर चतुर्थीला मान हलवतात : 'तो नाद नाही आता.' खरंच नाही. पण आरती चालू असते, शामेळ आणि कासाळं साथीला असतात, आणि दहा वर्षांच्या पोराच्या कानात घुमट म्हणजे हेच. म्हाताऱ्याचं म्हणणं खोटं नाही आणि पोराचंही नाही.

माझी भाची फर्मागुढीला इंजिनिअरिंग करते. ती या बँडकडे आली 2022 मध्ये, नेटफ्लिक्सवरच्या एका मालिकेत त्यांचं 1986 चं गाणं वाजलं म्हणून. पुढच्या सहा महिन्यांत तिने बँडचे चाळीस वर्षांचे सगळे अल्बम ऐकून काढले, कुठला आधी आणि कुठला नंतर याची पर्वा न करता. आवडता कुठला विचारलं तर म्हणाली, 'सेंट अँगर.'

'अगं, तो डबा?'

'मामा, राग आलेल्या माणसाने डबाच वाजवायला हवा ना?'

मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

भांडणाऱ्याचं वय विचारा

आता गट अनम्यूट करा. मतं वाचायला हरकत नाही, पण प्रत्येक मतापुढे एक आकडा लिहा : या माणसाने बँड पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो किती वर्षांचा होता, आणि कुठला अल्बम होता?

आमच्यातला वकील सगळ्यांत थोरला. त्याच्या मते 27 सप्टेंबर 1986 ला स्वीडनमध्ये बस उलटून बँडचा बास वाजवणारा क्लिफ बर्टन गेला, त्या दिवशी बँड संपला. नंतरचं सगळं श्राद्ध. माझ्या वयाचे लोक 1991 च्या काळ्या अल्बमपर्यंत येतात आणि 1996 मध्ये त्यांनी केस कापले तिथे थांबतात. आमच्यातला धाकटा, बोटीवर जाणारा, त्याला 'डेथ मॅग्नेटिक' म्हणजे पुनर्जन्म वाटतो, कारण पहिल्या बोटीवर त्याच्याकडे तेवढाच होता. वकिलाला काळा अल्बम म्हणजे पैशासाठी विकले गेले असं वाटतं, आणि आम्ही त्याच अल्बमला 'जुनी मजा' म्हणतो. घरोघरी हेच. आजोबा बालगंधर्वांवर वाढलेले. 1967 मध्ये 'कट्यार काळजात घुसली' आलं, चाली आमच्याच मंगेशीच्या अभिषेकीबुवांच्या, तरी आजोबांनी 'बऱ्या आहेत, पण ही नाट्यपदं नव्हेत' म्हणून विषय मिटवला. पुढे बाबांनी आयुष्यभर प्रत्येक नव्या संगीत नाटकाला नावं ठेवली, ती कट्यारचा दाखला देऊन.

गंमत म्हणजे हे सगळं या अल्बमच्या नावातच आहे. हेटफिल्डने सांगितलंय की 72 ऋतू म्हणजे आयुष्याची पहिली 18 वर्षं, वर्षाला चार या हिशेबाने. त्या काळात माणूस जो घडतो तोच खरा किंवा खोटा होऊन पुढे वाहत राहतो. आपल्याकडे ऋतू सहा, तेव्हा 18 गुणिले 6, 108. जपमाळेचे मणी. (गोव्यात खरं म्हणजे पाऊस आणि पावसाची वाट बघणं असे दोनच ऋतू, पण तो हिशेब शोभत नाही.) प्रत्येक चाहता आपापली माळ ओढत बसलेला असतो आणि नवा अल्बम म्हणजे त्याला एकशेनववा मणी वाटतो.

तेव्हा मत वाचताना दोन भाग पाडा. 'गाणी लांब आहेत, पाच-सहा गाळली असती तर घट्ट झाला असता' हा अल्बमबद्दलचा भाग. तो तपासता येतो : 'मास्टर ऑफ पपेट्स'मध्ये आठच गाणी, 55 मिनिटांच्या आत खेळ खलास. 'पूर्वीसारखं अंगावर काटा येत नाही' हा अंगाबद्दलचा भाग. 1986 मध्ये हेटफिल्ड 22 वर्षांचा होता. काटा त्याच्याही अंगावर पूर्वीसारखा येत नसेल.

हुर्राकेसमोर

शेवटी भेटा. मेसेजवर भांडणं मिटत नाहीत. आम्ही भेटलो एप्रिलच्या शेवटच्या रविवारी, हुर्राकेचे (काजूबोंडांच्या पहिल्या धारेच्या दारूचे) दिवस, लिंबू-मीठ-मिरची आणि भाजलेले काजू. नियम तीनच केले होते. आवडला नाही म्हणायला परवानगी आहे, वाईट आहे म्हणायचं तर मिनिट-सेकंद सांगायचं. 'हे आता म्हातारे झाले' हे वाक्य बाद, कारण टेबलावर कोणीच तरुण नव्हतं. आणि ज्याने पूर्ण ऐकला नाही त्याने काजू सोलायचे.

वकिलाने दोन तास काजू सोलले. पण मग त्यानेच माझ्या मोबाइलवर शेवटचं 11 मिनिटांचं गाणं लावायला सांगितलं, पूर्ण ऐकलं, आणि म्हणाला, 'हे क्लिफला आवडलं असतं.' त्याच्या तोंडून 37 वर्षांत बँडबद्दल निघालेला हा पहिला बरा शब्द. दुसऱ्या दिवशी त्याने शब्द मागे घेतला, ते वेगळं. 2024 मध्ये अल्बमच्या नावाच्याच गाण्याला ग्रॅमी मिळालं तेव्हा गटावर पुन्हा तीच मारामारी झाली. पुरस्काराने कोणाचं मत हललं नाही.

बारातली तीन गाणी मी ठेवली आहेत. त्यातलं एक नाटकाआधी साऊंड तपासायला लावतो, बेस बिन बरोबर बसलाय का ते पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतं. तुम्हीही सहा महिन्यांनी एकदा वही काढून राहिलेली नऊ परत ऐका. माझं एक तसं परत आलं.

स्वतःच्या कानावर फार विश्वास ठेवायचा नाही, हे मला एका कॅसेटने शिकवलं. मी काळा अल्बम ऐकला तो बोटीवरून आलेल्या शेजारच्या दादाने सी-60 कॅसेटवर उतरवून दिलेला. अल्बम 62 मिनिटांचा, कॅसेट साठची, त्यात त्याने पहिल्या बाजूला पाचच गाणी घेतली. दुसऱ्या बाजूला अकरावं संपता संपता टेप संपायची. ती कॅसेट मी चिकटपट्टी लावून लावून चालवली, सगळी गाणी तोंडपाठ. 2004 मध्ये पहिल्यांदा सीडी घेतली, दुकानाच्या काउंटरवर लावली, आणि अकरानंतर बारावं गाणं सुरू झालं. मी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि हाताखालच्या पोराला म्हटलं, 'हे नंतर घातलेलं दिसतंय. यात ती जुनी मजा नाही.'