चिपाडांची बैलगाडी

ज्वारीच्या वाळलेल्या धाटांची, म्हणजे चिपाडांची, खेळण्यातली बैलगाडी करायची तर सोलापूर-मंगळवेढ्याकडे रब्बीची मालदांडी ज्वारी निघाली की कडब्यातली पाच-सहा अंगठ्याएवढी जाड धाटं बाजूला काढा. ती खडखडीत वाळलेली हवीत. ओल्या धाटाचं भेंड, म्हणजे सालीच्या आतला मऊ गाभा, पुढे आकसतं आणि बसवलेली प्रत्येक काडी सैल होते. कापल्यावर आत लाल दिसलं तर ते बहुधा खोडकिड्याने पोखरलेलं असतं, टाकून द्या.

पेरांच्या गाठी कापून मधली कांडी सुटी करा. टोकाशी नख घालून साल उभी सोला. हिची कड पात्यासारखी कापते, म्हणून सालीवरून बोट ओढत नेऊ नका. लहान मुलांना सालपटं मोठ्यांनीच काढून द्यावीत. या खेळण्याला डिंक लागत नाही, दोरा लागत नाही. सालपटाचं टोक तिरकं छाटायचं आणि भेंडात सेंटीमीटरभर खुपसायचं, एवढाच सांधा.

चाकांसाठी बुडख्याकडच्या कांड्याच्या सालीसकट १ सेंमी जाडीच्या दोन चकत्या घ्या. बाभळीच्या काट्याने बरोबर मधोमध भोक पाडा. जरा सरकलं की चाक लंगडतं. साटीला, म्हणजे गाडीच्या बैठकीला, ८ सेंमीची दोन भेंडं ३ सेंमी अंतरावर ठेवून चार सालपटांनी जोडा. आखाला, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याला, खराट्याची काडी उत्तम, कारण चपट्या सालीवर चाक अडखळतं. आख साटीच्या भेंडांत घट्ट आणि चाकात सैल हवा. चाक निसटू नये म्हणून बाहेरून भेंडाचा मणी टोचा.

पुढे दोन लांब सालपटं निमुळती नेऊन ८ सेंमीच्या जुवात खोचा. जुवाला खालून चार शिवळा, म्हणजे मानेच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या खुंट्या, दर बैलाच्या मानेला दोन.

बैलाचं धड ५ सेंमी, डोकं २ सेंमी. मान, पाय, शिंगं सालपटांची. भेंडातले धागे उभे धावतात. दोन पाय एकाच धाग्याच्या रेषेत खोचले की धड उभं चिरतं. म्हणून एका बाजूचे पुढचा-मागचा पाय एका रेषेत न घेता थोडे आतबाहेर घ्या. शिंगाचं सालपट दहा मिनिटं पाण्यात ठेवून वाकवा, कोरडं मोडतं. बाक पक्का बसला आणि ते पुरतं वाळलं की मगच खोचा.

पाय सैल झाला तर जुन्याच भोकात पुन्हा दाबू नका, भोक वाढतच जातं. अर्धा सेंमी बाजूला नवीन जागा धरा. बैल तोंडावर पडत असेल तर मान आखूड करा आणि पुढचे पाय किंचित पुढे तिरके लावा.