पळायला निघण्याआधी (आणि गजर लावलात का?)

एक जानेवारीला नवे बूट घालून निघायचं, कॉलनीच्या दीड फेरीत धापा टाकत कट्ट्यावर बसायचं आणि "आपल्याला नाही जमत बुवा" म्हणून बूट कायमचे कपाटात टाकायचे, हा प्रकार ज्यांचा करून झालाय त्यांनी पुन्हा निघण्याआधी हे वाचावं. वय, वजन, लहानपणी खेळात नसणं, यांपैकी काहीही बहुधा आड आलेलं नसतं. तयारीत एकच गोष्ट राहिलेली असते, ती म्हणजे चालण्याचा गजर. पळता पळता चालायला कधी लागायचं हे तुमच्या दमानं ठरवायचं नाही, घड्याळानं ठरवायचं. बाकी यादी चुकली तरी निभतं.

आधी डॉक्टर. चाळिशी ओलांडली असेल, बीपी किंवा शुगर असेल, छातीत कधी दुखलं असेल, घरात कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर आधी तपासून घ्या. यात वाद नको.

बूट. यावर मात्र पैसे खर्च करा, पण भलतीकडे नको. कार्बन प्लेटवाले बूट शर्यतीत वेगानं पळणाऱ्यांसाठी असतात, तुम्हाला साधे, मऊ तळाचे रनिंगचे बूट पुरेत. खरेदीला संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि पळतानाही सुजतात. पळताना जे मोजे घालणार तेच घालून बघा. लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, नाहीतर बोट पुढं आपटून नख काळं पडतं. टाच मात्र आत हलता कामा नये. मोजे सुती नकोत. घाम धरून ठेवतात आणि फोड आणतात.

कपडे कुठलेही चालतील, घाम वाळणारे असले की झालं. बायकांनी स्पोर्ट्स ब्रा घ्यावी, यात काटकसर नको. मांड्या घासत असतील तर व्हॅसलिन. किल्ली, थोडे पैसे, घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी.

आणि गजर. घड्याळात नसेल तर फोनमध्ये इंटरव्हल टायमरचं कुठलंही फुकट ॲप घ्या आणि वेळा आदल्या रात्री भरून ठेवा, ६० सेकंद पळणं, ९० सेकंद चालणं, असे आठ वेळा. झाली २० मिनिटं. सकाळी फाटकाशी उभं राहून सेटिंग शोधत बसलात की "जाऊ दे, अंदाजानं करू" असं होणारच. अंदाजानं होत नाही. ॲपमध्ये वेगाचा आकडा दिसत असेल तर तो झाकून टाका, सध्या त्याचं काही काम नाही.

खाणं-पिणं. अर्ध्या तासाच्या आतल्या पळण्याला बाटली लागत नाही. निघण्याआधी अर्धा-पाऊण तास एक भांडं पाणी प्या, भूक असेल तर केळं खा. जेवणानंतर निदान दोन-तीन तास थांबा. भरल्या पोटी पळालं की बरगडीखाली चमक मारते. मारलीच तर चाला आणि श्वास सावकाश, पूर्ण बाहेर सोडा. थोड्या वेळात जाते.

जागा आणि वेळ. मैदान किंवा मातीची वाट मिळाली तर उत्तम, नाहीतर डांबरी रस्ता चालेल. रस्त्यावर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूनं पळा. रस्ता कडेला उतरता असतो, रोज त्याच उतारावर पळून एकच गुडघा कुरकुरायला लागतो, म्हणून वाहनं नसतील तिथं दिशा बदलत राहा. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत सूर्य वर यायच्या आत परत या. मुंबई-कोकणच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे तोच वेग जड जातो. तो दोष हवेचा. पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशा टाळा. कुत्रं मागं लागलं तर पळू नका, थांबा, त्याच्याकडे रोखून न बघता चालत पुढं व्हा.

आता प्रत्यक्ष पळणं. पाच मिनिटं झपझप चालून घ्या. आधी वाकून-ताणून घ्यायची गरज नाही. मग पहिला गजर, पळायला लागा, हळू. त्याहून हळू. झपझप चालण्याला किलोमीटरला दहा मिनिटं लागत असतील तर पळणं आठ-नऊ मिनिटांचं असू दे. बाराचा पाढा मोठ्यानं म्हणत पळता आलं पाहिजे, बारा त्रिक छत्तीसलाच धाप लागली तर वेग जास्त आहे. पावलं छोटी, पाय अंगाखाली पडू दे, लांब टांग टाकू नका, खांदे सैल.

साठ सेकंद संपतील तेव्हा तुम्ही ताजेतवाने असाल आणि वाटेल की अजून सहज जाईल. इथंच घात होतो. गजर झाला की चालायचं. श्वास आणि हृदय कामाच्या मागणीला गाठायला दोन-तीन मिनिटं घेतात, तोवर शरीर उधारीवर चालतं, म्हणून पहिलं मिनिट फुकटचं वाटतं. उधारी थोडी असतानाच थांबलात तर ९० सेकंदांत फिटते. धाप लागेपर्यंत ताणलंत तर पाच मिनिटं चालूनही फिटत नाही, पुढच्या सगळ्या पाळ्या कोसळतात आणि कट्टा दिसायला लागतो. चालणं ही माघार वाटत असेल तर ऐका, पळणं-चालणं-पळणं या पद्धतीचा पुरस्कर्ता जेफ गॅलोवे हा अमेरिकन धावपटू १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये १०,००० मीटर पळालेला आहे. दमल्यावर चालायचं नाही, दमू नये म्हणून चालायचं. गजर झाला, चाला. शेजारून कुणी सुसाट गेलं तरी चाला.

संपल्यावर पाच मिनिटं चाला, पोटऱ्या अर्धा-अर्धा मिनिट ताणा, घरी जा.

आठवड्यात तीनच दिवस, मध्ये एक दिवस सोडून. उत्साहानं रोज पळू नका. दम महिन्याभरात सुधारतो, पण हाडं आणि स्नायूबंध यांना कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि नडग्या धरतात त्या याच फरकापायी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या-पोटऱ्या दोन्हीकडे सारख्या दुखणं ठीक आहे. हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं, लंगडायला लावणारं दुखणं किंवा सांध्याला सूज असेल तर थांबा आणि दाखवून घ्या. वर फवारा मारून पळणं नको. ताप, खोकला, पोट बिघडलेलं असेल तर सुट्टी.

पुढचे आठवडे. वरचे ६०-९० हे आकडे जॉश क्लार्क या अमेरिकन माणसानं १९९६ मध्ये बसवलेल्या, 'काउच टू फाइव्ह के' (म्हणजे सोफ्यावरून पाच किलोमीटरपर्यंत) नावाच्या नऊ आठवड्यांच्या क्रमातले आहेत. दुसऱ्या आठवड्यात ९० सेकंद पळणं, दोन मिनिटं चालणं. तिसऱ्यात तीन मिनिटांची पाळी येते, चौथ्यात पाच. जड गेला तो आठवडा पुन्हा करा, नऊचे तेरा झाले म्हणून कुणी विचारत नाही. पाचव्या आठवड्याच्या शेवटी सलग २० मिनिटं आहेत, ती बघून घाबरू नका, पहिली पाच मिनिटं मुद्दाम रटाळ वेगानं काढा. नको वाटलं तर तिथंही गजर लावा, चार मिनिटं पळा, एक मिनिट चाला. सातव्यात २५, आठव्यात २८, नवव्यात ३०. या ३० मिनिटांत पाच किलोमीटर झाले नाहीत तरी चालतं, बहुतेकांचे होत नाहीत.

शर्यतीत नाव घालायचंच असेल तर पाच किलोमीटरला घाला, मित्रांनी दहाचा आग्रह केला तरी. नवे बूट त्या दिवशी नकोत. बंदूक वाजल्यावर गर्दी तुम्हाला ओढत नेते, म्हणून गजर तिथंही.