वापरलेला हाय-गेन ट्यूब अ‍ॅम्प: ट्यूबवर संशय शेवटी घ्या आणि या चुका टाळा

अ‍ॅम्पचा, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या ट्यूब अ‍ॅम्पचा, आवाज बिघडला की बहुतेक जण सगळ्यात आधी नव्या ट्यूब (आतल्या काचेच्या व्हॉल्व्ह) मागवतात. चार पॉवर ट्यूबचा जुळवलेला संच स्वस्त नसतो, तो येईपर्यंत वाट बघावी लागते, आणि लावल्यावर पुन्हा तीच खरखर, तोच गुणगुणाट. दोष ट्यूबमध्ये नव्हताच. तो भिंतीतल्या सॉकेटमध्ये होता, स्पीकरच्या केबलमध्ये होता किंवा मागच्या बाजूच्या एखाद्या गंजलेल्या जॅकमध्ये होता. म्हणून माझं सांगणं एकच आहे: संशय घ्यायचा क्रम चुकवू नका. आधी वीज, मग स्पीकर, मग केबल आणि जॅक, आणि शेवटी ट्यूब.

पीव्ही कंपनीचं ५१५० हे हेड (स्पीकर नसलेला नुसता अ‍ॅम्प) डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. १९९२ साली ते रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनच्या नावाशी जोडलेलं म्हणून बाजारात आलं. त्याची आणि कंपनीची फारकत झाल्यावर तेच हेड ६५०५ या नावाने विकलं जाऊ लागलं. मेटल वाजवणाऱ्यांमध्ये ते इतकं चालतं की वापरलेल्या हाय-गेन, म्हणजे सिग्नल खूप वाढवून आवाज फाटका करणाऱ्या, हेडचा विषय निघाला की त्याचं नाव येतंच. ताकद १२० वॅट, स्पीकरला ताकद देणाऱ्या पॉवरच्या टप्प्याला चार ६एल६जीसी ट्यूब, गिटारचा बारीक सिग्नल आधी वाढवणाऱ्या प्रीअ‍ॅम्पला पाच १२एएक्स७. तुमच्याकडे मार्शलचा जेसीएम८०० किंवा मेसा बूगीचा ड्युअल रेक्टिफायर असला तरी पुढचं जवळपास सगळं लागू पडतं.

पाटी न वाचता प्लग लावणं

अमेरिकेतून आलेलं हेड बहुधा १२० व्होल्टचं असतं. ते आपल्या २३० व्होल्टवर थेट लावलं, तर नशीब चांगलं असल्यास फ्यूज जातो, नसल्यास पॉवर ट्रान्सफॉर्मर. जुन्या ब्रिटिश मार्शलवर व्होल्टेज बदलायचा सिलेक्टर असतो. आधीच्या मालकाने तो कुठल्या आकड्यावर ठेवलाय, हे बघायचं हमखास राहून जातं.

२३०चे १२० व्होल्ट करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेताना दुसरी चूक होते. अ‍ॅम्प १२० वॅटचा म्हणून लोक २०० व्हीएचा (व्हीए म्हणजे तो किती बोजा झेलतो त्याचं माप) ट्रान्सफॉर्मर आणतात. पण १२० वॅट हा स्पीकरला मिळणारा आकडा आहे. ट्यूब तापवायलाच बरीच वीज जाते, आणि जोरात वाजवताना भिंतीतून होणारी ओढ त्या आकड्याच्या दुपटीच्याही पुढे जाते. माझ्या मते १००० व्हीएपेक्षा लहान घेऊच नये. प्रवासात हेअर ड्रायरसाठी वापरतात ते हलके कन्व्हर्टर तर इथे अजिबात चालत नाहीत. शिवाय अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, आपली ५०ची. स्टेप-डाउनने व्होल्टेज बदलतं, हर्ट्झ बदलत नाही, त्यामुळे ६०साठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर इथे थोडा जास्त तापतो. पहिले काही दिवस तासभर वाजवून झाल्यावर चॅसिसचा, म्हणजे धातूच्या सांगाड्याचा, ट्रान्सफॉर्मरकडचा भाग बाहेरून हाताने चाचपा. कोमट ठीक आहे. हात ठेववत नसेल तर वाजवणं थांबवा.

व्होल्टेज वरखाली होण्याचा परिणाम थेट ट्यूबवर होतो. ट्यूबचा फिलामेंट, म्हणजे आतली तापणारी तार, ६.३ व्होल्टवर चालतो आणि त्यात साधारण दहा टक्के इकडेतिकडे चालून जातं. २३०चे २५० झाले की फिलामेंटला जवळजवळ ६.८५ मिळतात, म्हणजे मर्यादेच्या अगदी काठावर. १९० झाले तर ५.२, आणि तेवढ्यात फिलामेंटने तापायचा भाग, म्हणजे कॅथोड, नीट तापतच नाही. तालुक्याच्या गावी सराव करत असाल तर चांगला स्टॅबिलायझर हा ट्यूबच्या नव्या संचापेक्षा आधीचा खर्च आहे. लोडशेडिंगमध्ये घरच्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर हे हेड चालवू नका. ट्रान्सफॉर्मर घुमतो, तापतो आणि आवाजात चरचर येते.

अर्थिंगची पिन काढणं

गुणगुणाट घालवायला कुणीतरी प्लगची तिसरी पिन कापलेली किंवा आतली हिरवी वायर सोडलेली असते. वापरलेला अ‍ॅम्प घेताना प्लग उघडून हे बघाच. चॅसिसला अर्थ नसेल आणि आत काही निसटलं, तर गिटारच्या तारांना करंट येतो. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वी १९७२ साली स्वान्सीमध्ये मंचावरच, अर्थ नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून मरण पावला. मुंबई-पुण्यातल्या जुन्या इमारतींमध्ये तीन भोकांचं सॉकेट असतं, पण मागे अर्थची वायर जोडलेलीच नसते. इलेक्ट्रिशियनला बोलावून ते तपासून घ्या. गुणगुण घालवायचे दुसरे मार्ग आहेत.

आणि गुणगुण कसली आहे ते आधी कानाने ओळखता येतं. गिटारच्या सहाव्या तारेवर तिसऱ्या पट्टीतला ‘जी’ हा सूर वाजवा. तो ९८ हर्ट्झचा. अ‍ॅम्पची घुमण साधारण त्याच सुरात असेल तर ती १०० हर्ट्झची, म्हणजे एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायरनंतरची. यात डीसीतली लहर गाळणारे फिल्टर कपॅसिटर म्हातारे झाले असण्याची किंवा पॉवर ट्यूबची जोडी बिघडली असण्याची शक्यता मोठी. त्याच्याही एक सप्तक खाली असेल तर ५० हर्ट्झ, म्हणजे फिलामेंटची वायरिंग, अर्थचा लूप (दोन वाटांनी अर्थ जोडला जाणं) किंवा गिटारची केबल. मग चॅनेलचा पोस्ट गेन, म्हणजे त्याचा व्हॉल्यूम, शून्यावर आणा. घुमण तशीच राहिली तर पॉवरच्या बाजूला शोधा, गेली तर प्रीअ‍ॅम्पच्या बाजूला किंवा अ‍ॅम्पच्या बाहेर. एवढ्या दोन गोष्टींनी अर्धं निदान होतं आणि त्यासाठी स्क्रू ड्रायव्हरसुद्धा लागत नाही.

स्पीकर न जोडता चालू करणं

ट्यूब अ‍ॅम्पला स्पीकरचा भार लागतोच. भार नसताना वाजवलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळतं, सॉकेटवर ठिणगी पडते आणि सगळ्यात महागडा भाग जळतो. घरी रेकॉर्डिंग करणारे इथे फसतात. लाइन आउट या रेकॉर्डिंगच्या जॅकमधून लॅपटॉपला जोडलं, मग कॅबिनेट (स्पीकरची पेटी) कशाला, असं वाटतं. लाइन आउट हा भार नव्हे. कॅबिनेट नको असेल तर अ‍ॅम्पची पूर्ण ताकद झेलणारा लोड बॉक्स घ्या.

गिटारची केबल स्पीकरला लावणं ही त्याच जातीची चूक. दिसायला दोन्ही सारख्याच, टोकाला तोच जॅक. पण १२० वॅट ४ ओहमच्या कॅबिनेटमध्ये जातात तेव्हा केबलमधून साडेपाच अ‍ॅम्पियरच्या आसपास करंट वाहतो, आणि गिटार केबलच्या आतली तार केसासारखी बारीक असते. ती तापून तुटली की अ‍ॅम्प बिनभाराचा झालाच.

ओहमचा हिशेब साधा आहे. १६ ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली की ८, आठची दोन जोडली की ४. ५१५०च्या मागे ४, ८ आणि १६चा सिलेक्टर आहे, तो त्याप्रमाणे ठेवा. मार्शलच्या १९६० कॅबिनेटवर मोनोला ४ आणि १६, स्टिरिओला ८ असे पर्याय असतात. स्टिरिओवर ठेवून एकच जॅक लावला तर अर्धेच स्पीकर वाजतात. वापरलेल्या कॅबिनेटमध्ये कुणी काय जोडलंय याचा भरवसा नसतो. केबल कॅबिनेटला लावून तिच्या मोकळ्या टोकावर मल्टिमीटर धरा. १६ ओहमचं कॅबिनेट साधारण १२-१३ दाखवतं, ८चं ६-७. मीटरचा आकडा लेबलपेक्षा कमी येणं बरोबरच आहे, कारण मीटर फक्त तारेचा डीसी रोध मोजतो. काहीच दाखवत नसेल तर अ‍ॅम्प चालू करायचाच नाही.

स्पीकरची ताकदही बघा. सेलेशनचा ग्रीनबॅक २५ वॅटचा, चार मिळून १००. त्यावर १२० वॅटचं हेड जोरात चालवलं तर स्पीकर जाणारच. व्हिंटेज ३० साठ वॅटचा असतो, तिथे ही चिंता नाही.

सेंड-रिटर्नचे जॅक विसरणं

वाजवता वाजवता आवाज मध्येच बसतो, बोदा होतो, आणि एखादी कॉर्ड कचकन मारली की परत येतो. हे ऐकून लोक ट्यूब गेली म्हणतात. आधी हे करा: एक छोटी पॅच केबल घेऊन इफेक्ट लूपच्या (इफेक्टचे पेडल जोडायच्या मागच्या दोन जॅकच्या) सेंडमधून रिटर्नमध्ये लावा. आवाज भरला, तर गुन्हेगार सापडला. लूपमध्ये काहीच लावलेलं नसतं तेव्हा सिग्नल रिटर्न जॅकच्या आतल्या एका छोट्या पत्रीवरून जातो. वर्षानुवर्षं लूप न वापरल्याने ती पत्री काळी पडते. मुंबई, कोकण, गोवा इथल्या पावसाळी हवेत हे फार लवकर होतं. उपाय म्हणजे अ‍ॅम्प बंद ठेवून, प्लग काढून, कॉन्टॅक्ट क्लीनर जॅकच्या पिनला लावायचा आणि पिन दहा-पंधरा वेळा आतबाहेर करायची. गंज सोडवायचं साधं तेलकट स्प्रे इथे नको, त्याचा थर राहतो आणि धूळ धरतो.

मग ट्यूब

इथवर सगळं ठीक निघालं तरच ट्यूबकडे वळा. गेन वाढवला की शिट्टी येते किंवा किणकिण ऐकू येते, तेव्हा प्रीअ‍ॅम्पची एखादी ट्यूब मायक्रोफोनिक, म्हणजे हादरा लागला की मायक्रोफोनसारखा आवाज उचलणारी, झालेली असते. आवाज कमी ठेवा, गिटार काढून घ्या आणि लाकडी पेन्सिलच्या खोडरबराच्या टोकाने एकेका ट्यूबवर हलकेच टिचकी मारा. सगळ्याच थोड्या वाजतात. पण एखादी घंटेसारखी घुमली आणि घुमतच राहिली, तर तीच. इनपुटच्या सगळ्यात जवळची, जिला व्ही१ म्हणतात, ती सर्वांत संवेदनशील, कारण तिच्यानंतरचा प्रत्येक टप्पा तिचा आवाज मोठा करत नेतो. बिघडलेली ट्यूब तिथून काढून तिच्या जागी दुसरी अदलाबदलीने लावली तरी अनेकदा भागतं. सबंध संच लागत नाही. १२एएक्स७ आणि ईसीसी८३ एकच, त्यामुळे दुकानात कुठलंही नाव छापलेलं मिळालं तरी घ्या.

पॉवर ट्यूबच्या काचेवर निळसर झाक दिसली तर घाबरू नका, ते सामान्य आहे. आतली राखाडी प्लेट लालबुंद होऊ लागली तर मात्र क्षणभरही थांबू नका, अ‍ॅम्प बंद करा. बायस (ट्यूबमधून न वाजवताना किती करंट वाहावा ते ठरवणारं व्होल्टेज) गेलेला असतो किंवा ट्यूब आतून शॉर्ट झालेली असते. वरचा चंदेरी डाग दुधासारखा पांढरा झालाय म्हणजे आत हवा शिरली, ती ट्यूब संपली.

६एल६च्या जागी ईएल३४ नुसती खुपसू नका. खाचा जुळतात, गरजा जुळत नाहीत. ६एल६चा फिलामेंट ०.९ अ‍ॅम्पियर ओढतो, ईएल३४चा १.५. चारांचा हिशेब ३.६वरून ६वर जातो आणि तो बोजा पॉवर ट्रान्सफॉर्मरवर पडतो. ड्युअल रेक्टिफायरवर यासाठी कंपनीनेच बायसची कळ दिली आहे, तिथे चालतं.

मूळ ५१५०ला बायस फिरवायची सोय नाही आणि कारखान्याने तो थंड, म्हणजे कमी करंटवर, ठेवलेला आहे. त्यामुळे जुळवलेला संच लावला की काम होतं, पण कडेला थोडी कोरडी चरचर राहते. जाणकाराकडून आत बायसचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) बसवून घेणं मला पैसे वसूल करणारं वाटतं. ६एल६जीसीची मर्यादा ३० वॅटची. तिच्या ७० टक्के म्हणजे २१ वॅटपर्यंतच न्यायचं. प्लेटवर ४७० व्होल्ट असतील तर एका ट्यूबला ४४-४५ मिलिअ‍ॅम्पियर ही वरची सीमा. तिच्या थोडं खालीच थांबलेलं बरं.

हे काम स्वतः करू नका. आत ४५० व्होल्टच्या वर डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो टिकून राहतो, माणूस मरू शकतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत फ्यूज, रेझिस्टर मिळतील. पण आत हात घालायला ज्याने व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त केलेत असा माणूस शोधा. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एकेकाळी इथेच व्हॉल्व्ह बनवले, त्यामुळे ही विद्या असलेली जुनी माणसं अजून सापडतात. जाताना सर्किटचा नकाशा छापून न्या. वीस वर्षांपेक्षा जुनं हेड असेल तर फिल्टर कपॅसिटर बदलायलाच सांगा. आणि फ्यूज वारंवार जातोय म्हणून मोठ्या आकड्याचा बसवू नका. तो काहीतरी सांगत असतो.

बिघाड नसलेला बिघाड

अ‍ॅम्प धडधाकट असतो, पण आवाज मधमाश्यांसारखा येतो आणि बँडमध्ये गिटार ऐकूच येत नाही. यात बहुतेक वेळा गेन जास्त, मिड (मधले सूर) शून्यावर आणि व्हॉल्यूम एकच्या खाली असतो. ५१५०च्या लीड चॅनेलचा प्री गेन चार-पाचच्या पुढे न्यायची गरज क्वचितच पडते. त्याऐवजी पुढे आयबानेझचा ट्यूब स्क्रीमर हा पेडल लावा, ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल पूर्ण. तो खालचा बोजड बास कापतो आणि पाम म्यूट (तळहाताने तारा दाबून वाजवलेले सूर) घट्ट होतात. मिड पाचच्या वर आणा, खालचे सूर वाढवणारा रेझोनन्स अर्ध्यावर. घरी एकट्याने वाजवताना हे कानाला जरा रूक्ष लागेल, पण बास आणि ड्रम सोबत आले की तेच सेटिंग पुढे येतं.

वाजवून झालं की हेड लगेच उचलू नका. तापलेली ट्यूब धक्क्याने लवकर जाते, तिला दहा मिनिटं द्या. कुरियरने पाठवायचं असेल तर ट्यूब काढून, कुठली कुठे होती ते चिकटपट्टीवर लिहून, वेगळ्या गुंडाळा. ट्रान्सफॉर्मरची जड बाजू कुठली ते खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहा.